तीन नंबरचा बावटा
मोरा येथील व्याख्यानमालेत झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर

पावसाळ्यात दर्या खवळला की मोरा बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो आणि भाऊच्या धक्क्याची लाँच बंद होते. मुंबईत कोर्टाची तारीख असो की इस्पितळात नातलग असो, धक्क्यावर आलेला माणूस बावटा बघून मुकाट मागे फिरतो. तांडेलाशी कुणी हुज्जत घालत नाही. ‘एवढ्याशा लाटांनी काय होतंय’ असंही कुणी म्हणत नाही. मग तोच माणूस मोटारसायकल काढतो, हेल्मेट कोपरात अडकवतो आणि ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत पळस्प्याच्या दिशेने निघतो. दर्याला मान देणारा माणूस रस्त्याला तसा मान का देत नाही, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

उरणच्या लोकांना दर्या ओळखायला कित्येक पिढ्या मिळाल्या. रस्ता मात्र एकाच पिढीत बदलला. न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि मिठागरं, भातशेती आणि एस.टी.च्या गाड्या यांच्यामधून चाळीस फुटी कंटेनर लादलेले ट्रेलर धावू लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच दिवशी उरणला लोकलही आली. ज्या वाटेने आजी डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला गेली, त्या वाटेवर नातू आज ताशी ८० किलोमीटरने जातो. वारा आणि भरती-ओहोटी कशी वाचायची हे आजीने शिकवलं होतं. वेग कसा वाचायचा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते कुणी शिकवलंही नाही.

वेगाचा हिशेब खरं तर शाळेतल्या गणिताएवढाच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी भिंतीवर आदळते तेव्हा आतल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे दहा मीटरांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याइतका असतो. वेग ६० झाला की तो चौथ्या मजल्याहून अधिक होतो. १०० ला बारावा-तेरावा मजला गाठला जातो, कारण वेग दुप्पट झाला की धक्क्यातली ऊर्जा चौपट होते. गच्चीच्या कठड्याशी मूल वाकलं तर आई किंचाळते. तेच मूल स्कूटरवर पुढे उभं असतं, तेव्हा ती उंची कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

पायाचं हाड मोडलं तर प्लास्टर लागतं, सळई बसते आणि काही महिन्यांनी माणूस चालू लागतो. मेंदूचं तसं नसतं. सव्वा-दीड किलोचा हा मऊ गोळा कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. आदळल्यावर गाडी थांबते, कवटी थांबते, पण मेंदू क्षणभर पुढे जातच राहतो. तो आधी एका बाजूला आणि मग उलट दिशेने दुसऱ्या बाजूला आपटतो. डोकं गर्रकन फिरलं तर आतले बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. रक्तवाहिनी फुटून रक्त साठतं, सूज येते. कवटी तर ताणत नाही, त्यामुळे तो दाब मेंदूवरच पडतो. कित्येकदा बाहेर एक ओरखडाही नसतो. माणूस उठून बसतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो, घरी जाऊन झोपतो आणि रात्रीत त्याची शुद्ध हरपते. डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी किंवा बरळणं यांपैकी काहीही दिसलं, तर सकाळची वाट बघायची नसते.

मज्जारज्जूची गोष्ट याहून कठोर आहे. करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असा हा दोर. मानेच्या अगदी वरच्या टोकाला तो तुटला तर श्वासच थांबतो. त्याखाली तुटला तर हात-पाय दोन्ही जातात, पाठीत तुटला तर पाय. लघवी-शौचावरचा ताबा तर बहुतेकांचा जातो. मोडलेला मणका शस्त्रक्रियेने सांधता येतो. आतला तुटलेला दोर पूर्ववत जोडण्याची शस्त्रक्रिया आज जगातल्या कुठल्याही शहरात होत नाही, मग खर्चाची कितीही तयारी असो. म्हणूनच या दोन इजांच्या बाबतीत उपचारापेक्षा प्रतिबंधाला फार मोठं महत्त्व आहे.

या इजा घरात शिरल्या की काय होतं, ते आकड्यांत मावत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा पडतात आणि त्या चिघळतात. लघवीची नळी सांभाळावी लागते. बायको कंपनीतली नोकरी सोडते, थोरली मुलगी कॉलेज सोडते. मेंदूला मार बसलेला माणूस चालता-बोलता झाला तरी चिडका होतो, विसरतो, हिशेब चुकवतो. आजूबाजूचे ‘आता तर बरा दिसतो’ म्हणतात. घरच्यांनाच ठाऊक असतं, की परत आलेला माणूस पहिला नाही. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. मज्जारज्जूच्या इजा झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पण उरण, पेण किंवा माणगावच्या एखाद्या वाडीवरून रुग्णाला व्यायामासाठी वर्षभर मुंबईला नेत राहणं कुठल्या मजूर घराला झेपणार आहे?

जगाचा हिशेब एका परिच्छेदात आटोपता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार रस्त्यावर वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं मरतात. ५ ते २९ वर्षांच्या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. यातले ९२ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि निम्म्याहून अधिक मृत्यू पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार यांचे असतात. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली १५ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातली होती. देशातले ५० हजारांवर मृत्यू हेल्मेट न घातलेल्यांचे होते आणि १६ हजारांवर पट्टा न लावलेल्यांचे. जे वाचले पण पूर्वीसारखे राहिले नाहीत, त्यांची अशी नेटकी मोजणी सरकारी तक्त्यात होत नाही. ‘गंभीर जखमी’ एवढ्या एका रकान्यात मोडलेलं मनगटही असतं आणि मोडलेली मानही.

महाराष्ट्राला ही मोडलेली मान ३ जून २०१४ च्या सकाळी दिसली. गोपीनाथ मुंडे केंद्रात ग्रामविकासमंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या त्यांच्या गाडीला चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली. फार मोठ्या वेगातली धडक नव्हती ती, गाडीचा चेंदामेंदाही झाला नव्हता. मुंडे मागच्या सीटवर होते. शवविच्छेदनात मानेच्या वरच्या मणक्यांची आणि यकृताची इजा आढळली. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की मागच्या सीटचा पट्टा नुसता शोभेचा असतो या गैरसमजापायी आपण एक मित्र गमावला. परळीत अंत्यसंस्काराच्या दिवशी लाखाचा समुदाय रडत होता. कारस्थानाच्या शंका घेतल्या गेल्या, चौकशीच्या मागण्या झाल्या. मागच्या सीटचा पट्टा मात्र गावोगावच्या गाड्यांत सीटच्या फटीत होता तिथेच राहिला.

आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघं होते. पुढे बसलेले दोघं पट्टा लावून होते आणि ते वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघंही गेले. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी होती. पट्टा नसलेला मागचा माणूस धडकेत सुटलेल्या पिंपासारखा पुढे फेकला जातो. तो स्वतः मरतो आणि पुढच्यालाही मारू शकतो. या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला. कायद्यात मागच्या सीटचा पट्टा त्याआधीपासूनच होता. तीन ठिकाणी बांधलेला हा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट सर्वांसाठी खुलं ठेवलं. तो तयार झाला त्याला मुंडे गेले तेव्हा ५५ वर्षं होऊन गेली होती.

हेल्मेटची कथाही अशीच एका नावाजलेल्या माणसाच्या मृत्यूतून सुरू होते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये गावाकडच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून जात होता. समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो डोक्यावर पडला. सहा दिवसांनी तो वारला. त्याच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांना काही करता आलं नाही. ती हतबलता केर्न्स विसरले नाहीत. महायुद्ध सुरू झालं, शहरांत अंधार पाळला जाऊ लागला आणि निरोप घेऊन धावणारे लष्करी मोटारसायकलस्वार पटापट मरू लागले. केर्न्सनी एकेका मृत्यूची नोंद ठेवली. १९४१ साली त्यांनी शोधनिबंध लिहिला तेव्हा हेल्मेट घातलेल्यांची फक्त सात उदाहरणं त्यांच्या हाती होती. सातही जण जिवंत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांना मात्र ही सक्ती १९७३ साली झाली. केर्न्स ती पाहायला नव्हते, ते १९५२ मध्येच वारले होते.

ऑपरेशन थिएटरमध्ये जे वाचवता येत नाही ते रस्त्यावरच वाचवलं पाहिजे, हे ओळखणारा हा शल्यविशारद मोठा होता. त्यानंतरच्या संशोधनांचा निष्कर्ष असा, की चांगलं हेल्मेट डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी करतं. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या दुचाकीस्वारांना ते सक्तीचं केलं. त्या देशात मोटारसायकल म्हणजे घरातलं माणूसच. काही आठवड्यांत नव्वद टक्क्यांवर लोक हेल्मेट घालू लागले आणि डोक्याच्या इजांचा धोका १६ टक्क्यांनी, मृत्यूचा १८ टक्क्यांनी उतरला. पोलीस रोज दिसले, दंड खरोखर झाला, यातच त्या यशाचं बरंचसं गमक आहे.

आपल्याकडे काय झालं? पुण्यात २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटची कडक तपासणी सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध कृती समिती उभी राहिली आणि मोर्चा निघाला. विरोधकांचे मुद्दे ऐकून घेण्याजोगे होते: शहरात वेग कमी असतो, उकडतं, बाजूचं ऐकू येत नाही, रस्त्यांच्या खड्ड्यांचं आधी बघा. खड्ड्यांचा मुद्दा तर शंभर टक्के खरा आहे. पण खड्डा आहे म्हणूनच हेल्मेट हवं. उभ्या माणसाचं डोकं नुसतं डांबरावर आपटलं तरी कवटी फुटू शकते, त्याला वेगाची गरज नाही. उकाड्याची तक्रारही खोटी नाही. रायगडच्या मे महिन्यात हेल्मेट घालणं सोपं नाही, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. उन्हाळ्याला सोसेल असं हलकं, हवा खेळती ठेवणारं आणि तरीही आयएसआय खुणेचं हेल्मेट स्वस्तात मिळावं, ही मागणी मोर्चा काढण्याजोगी आहे. रस्त्याकडेला मिळणारी प्लास्टिकची टोपली पोलिसाला फसवते, डांबराला नाही. हेल्मेटचं खरं काम आतला थर्माकोलसारखा जाड थर करतो. तो चेपला जातो आणि मेंदूला थांबायला काही क्षणांश जास्त मिळतात. हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल तर ते हेल्मेट डोक्याआधी जमिनीवर पोहोचतं.

मागे बसणाऱ्या बाईचा विचार या चर्चेत फारसा होत नाही. कायद्याने तिलाही हेल्मेट आहे, पण घरात बहुधा एकच असतं आणि ते चालवणाऱ्याचं. ती एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर मूल, हातात पिशवी. न रंगवलेला, कुणीतरी रातोरात घातलेला गतिरोधक येतो, गाडी उडते आणि ती मागच्या मागे डोक्यावर पडते. चालवणाऱ्याला खरचटतही नाही. ओढणी किंवा पदर चाकात गुंडाळला गेला तर मानेला फास बसतो आणि मणका निखळतो. ओढणी कमरेला खोचणं, चाकावर जाळी असणं, मुलाच्या डोक्यालाही हेल्मेट असणं, एवढ्या साध्या गोष्टी आहेत या. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर पट्ट्याने बांधून, हेल्मेट घालून, ताशी ४० च्या आत न्यावं, हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. किती घरांना तो ठाऊक आहे?

इथवर सगळा भार रस्त्यावरच्या माणसावर टाकून झाला. तो अर्धाच हिशेब आहे, आणि प्रस्तुत वक्त्याच्या मते हलका अर्धा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पनवेलच्या कुशीतून, कळंबोलीहून सुटतो. या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांनी महाराष्ट्राला वेग दिला आणि माणसंही नेली. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून परतताना भाताणच्या बोगद्याजवळ अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. २३ डिसेंबर २०१२ ला उर्से टोलनाक्याजवळ आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते आणि पेंडसेंचा लहानगा मुलगा गेले. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे माडप बोगद्याजवळ राजकीय नेते विनायक मेटे गेले. प्रत्येक वेळी अग्रलेख आले, हळहळ झाली, ‘काळ आला होता’ असं म्हटलं गेलं. जुन्या घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी ड्रायव्हर आजही नाणं टाकतात. बोर घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ आहे, त्या श्रद्धेचा मान आहेच.

पण २०१६ साली या मार्गावर १५१ मृत्यू झाले, तेव्हा काही जणांनी ‘काळ’ हा शब्द बाजूला ठेवला. सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी एकेका मृत्यूची जागा जाऊन पाहिली. रस्त्याच्या कडेला उघडा काँक्रीटचा खांब, कठड्यात राहिलेली फट, भाल्यासारखं पुढे आलेलं कठड्याचं टोक, लेनमध्ये बंद पडून उभा असलेला, मागे दिवा नसलेला ट्रक: माणूस चुकला होता हे खरं, पण त्याला मारलं होतं ते यातल्या कशानेतरी. फटी बुजवल्या, टोकं बदलली, उभी वाहनं हटवली, वेगावर नजर ठेवली. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले. रस्ता तोच होता आणि चालवणारेही बहुतेक तेच.

स्वीडनने हे तत्त्व १९९७ साली संसदेत मान्य केलं. माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू किंवा अपंगत्व असणार नाही असा रस्ता बांधणं ही बांधणाऱ्याची जबाबदारी. तिथे तेव्हा वर्षाला साडेपाचशेच्या आसपास माणसं मरत होती, अलीकडे हा आकडा सव्वादोनशेच्या आसपास असतो.

मग उरण–पळस्पे रस्त्याचं काय? इथला मोठा शत्रू म्हणजे कडेला उभा ट्रेलर. रात्री मागचा दिवा बंद, परावर्तक पट्टी धुळीने माखलेली आणि मागची लोखंडी चौकट नेमकी दुचाकीस्वाराच्या किंवा छोट्या गाडीतल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. गाडी खाली शिरते, बॉनेट आणि एअरबॅग यांचा उपयोग होण्याआधीच काच आणि कपाळ लोखंडाला भिडतं. ट्रेलरच्या मागे खालपर्यंत येणारा मजबूत आडवा दांडा असला तर गाडी आत शिरत नाही. हा दांडा नियमातही आहे. बंदराने वाहनतळ बांधला आहे. तरीही ट्रेलर रस्त्यावर उभे दिसतात, कारण ड्रायव्हरचे तास, मालाची घाई आणि झोप यांचा मेळ कुणी घालत नाही. वीस तास चाकावर बसलेला तो ड्रायव्हरही कुणाचातरी मुलगा आहे. त्याला निजायला सुरक्षित जागा मिळाली तर इथली काही डोकी वाचतील. हे काम बंदर, वाहतूकदार आणि पोलीस यांचं आहे. ग्रामसभेत ठराव करून ते मागून घेणं गावांना शक्य आहे.

दर्यावरची सक्ती मात्र आपण आजही मुकाट पाळतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं बुडाली. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. ‘जॅकेटमध्ये उकडतं’ म्हणून कुणी मोर्चा काढला नाही.

शेवटी, टक्कर झाल्यानंतरच्या दहा मिनिटांबद्दल. उरणकर मदतीला धावतात, ही इथली जुनी रीत. पण चौघं चार हात-पाय धरून जखमीला उचलतात, रिक्षात दुमडून घालतात, तेव्हा मोडलेल्या मणक्याच्या आत अजून शाबूत असलेला दोर तिथेच तुटू शकतो. आग नसेल, वाहनांचा धोका नसेल, तर माणसाला हलवू नये. एकाने डोक्याशी बसून डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरून ठेवावं. हेल्मेट ओढून काढू नये, श्वास अडत असेल तर काच वर करावी. उलटी होत असेल तर तिघा-चौघांनी मिळून डोकं, पाठ आणि पाय एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसं, कुशीवर वळवावं. पाणी पाजू नये. १०८ ला फोन करावा. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने कुणी मागे राहत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. फोन करणाऱ्यावर आपलं नाव सांगण्याची सक्ती नाही. जखमीला इस्पितळात पोहोचवून तो लगेच घरी जाऊ शकतो.